पहिल्या बाकावरचा भोंगा

देवाने आवाज वाटायला काढले तेव्हा हा माणूस रांगेत दोनदा उभा राहिला असणार, आणि सूर वाटायला काढले तेव्हा चहा प्यायला गेला असणार, असं पेंटर म्हणायचा. पेंटर म्हणजे त्याच गॅरेजात पलीकडच्या शेडमध्ये गाड्यांना रंग मारणारा त्याचा जोडीदार. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला तो बरोब्बर त्याच्या मागच्या बाकावर असायचा. त्यामुळे हे बोलायचा हक्क दुसऱ्या कुणाला असो नसो, त्याला होता. आठवडाभर याची हातोडी आणि रविवारी याचा घसा, दोन्ही त्यानेच सोसलेले.

आपला माणूस डेंटर. ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे, हे त्याचं काम. चेपलेल्या दरवाजाच्या आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीने टपटप मारत जायचं आणि मधूनमधून हातोडी ठेवून पत्र्यावरून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला लागतो. अशी सगळी उमर गेली. पत्र्यावर वाकताना डावी बाजू खाली असायची, म्हणून डावा कान आधी गेला. आणि ठणठणाटात ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही, म्हणून आवाज वाढत गेला. हा माणूस घरात मीठ मागायचा तेव्हा शेजारीण दार उघडून बघायची.

डाव्या कानाचा त्याला तसा काही त्रास नव्हता. उलट सोयच होती. बायकोने काही आणायला सांगितलं, किंवा दाढी कधी करणार म्हणून विचारलं, की तो सावकाश मान वळवून डावा कान पुढे करायचा. घरात या प्रकाराला नावच पडलं होतं. कुणी न ऐकल्यासारखं केलं की बायको म्हणायची, "आला बघ डावा कान पुढे."

चर्चमध्ये मात्र त्याने कधी डावा कान पुढे केला नाही. डावीकडच्या रांगेतला पहिला बाक त्याने धरून ठेवला होता तो एवढ्यासाठीच, की तिथून वेदीवरचा शब्द उजव्या कानात पडतो. आणि शब्द पडला की याचा प्रतिसाद तयार. फादरांनी "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणायचा अवकाश, "आणि तुमच्या आत्म्याबरोबर असो" असं तो इतक्या खणखणीतपणे म्हणायचा की फादरांनाही खरोखर आधार वाटत असेल. मिस्सेच्या आधी येऊन खिडक्या उघडणार हाच, कुणाच्या घरी मयत झालं तर खांदा द्यायला पुढे हाच, आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद द्यायला फादरांना गाडीतून नेणार तोही हाच. आणि गाणं. गाणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. गाण्याचा त्याच्यावर तेवढा जीव नव्हता, हा भाग वेगळा.

हे सगळं त्याच्या आईने घातलेलं. ती म्हणायची, "देवाच्या घरी पाहुण्यासारखं बसायचं नाही. पाहुणे बघत बसतात. आपण घरचे आहोत." लहानपणी तो नुसते ओठ हलवताना दिसला की ती त्याच्या पाठीवर बोटाने टोचायची. ती जाऊन जमाना झाला, पण अजून एखादी ओळ गळाली तर त्याला पाठीत टोचल्यासारखं व्हायचं.

लोक त्याला भोंगा म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. गावात पूर्वी गिरणी होती आणि तिचा भोंगा झाला की माणसं कामाला निघत. भोंग्याशिवाय काही सुरू होत नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्याने ते नाव पदवीसारखं घेतलं होतं.

मुलगी मात्र सुरांची. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं, हे देवालाच ठाऊक. ती बाहेरगावी जाऊन संगीत शिकली, शाळेत संगीताची बाई झाली आणि परत आल्यावर फादरांनी तिच्या हाती कॉयर दिलं. आधी कॉयर म्हणजे चार मावश्या आणि एक दमेकरी ऑर्गन. तिने वर्षभरात तरुण पोरंपोरी गोळा केली, त्यांना चार आवाजांत गायला शिकवलं, मावश्यांनाही श्वास कुठे घ्यायचा ते समजावलं. बापाची छाती अशी फुगली की विचारू नका. गॅरेजात गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला कळायचं की याची मुलगी कॉयर चालवते. एका गिऱ्हाइकाने तर वैतागून सांगितलं, की मागच्या खेपेला कळलंय, आता दरवाजा बघा.

अशात चर्चमध्ये नवी वेदी बसली. जुनी लाकडी वेदी वाळवीने पोखरली होती, तिच्या जागी करड्या दगडाची एक अखंड वेदी आली. तिला अभिषेक करायला स्वतः बिशप येणार होते. मुलीने कॉयरची तालीम घ्यायला सुरुवात केली आणि रोज संध्याकाळी चर्चच्या खिडक्यांतून एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली. बाप कामावरून घरी येताना रस्त्यात उभा राहून ती ऐकायचा आणि मग गुणगुणत घरी यायचा. त्याच्या गुणगुणण्याने घरातली मांजर बाहेर जायची.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तो स्वयंपाकघरात टेबलाशी चहा पीत बसला होता. मुलगी आली आणि त्याच्या डाव्या बाजूला बसली. काहीतरी बोलली. तो चहा पीत राहिला. बायको ओट्याशी भांडी विसळत होती, तिने मागे न बघता सांगितलं, "उजवीकडून बोल. काय असेल ते एकदाच होऊन जाऊ दे."

मुलगी उठली, टेबलाला वळसा घालून उजवीकडे येऊन बसली.

"बाबा, बिशप येतील त्या दिवशी तुम्ही गाऊ नका."

उजवा कान होता. पळवाट नव्हती.

"का?"

"तुम्ही मागे रेंगाळता, बाबा. आमची ओळ संपते तेव्हा तुमची अर्धी शिल्लक असते. आणि लोक तुमच्या मागून जातात, माझ्या हाताकडे कुणी बघतच नाही. मी हात खाली आणते आणि अख्खं चर्च तुमच्याबरोबर ओढत बसतं."

"मग जोर कमी करतो."

"तुमचा कमी जोर ऐकलाय मी."

बायकोला हसू आलं असतं, पण तिने ते भांड्यांच्या आवाजात घालवलं. मुलगी बोलायला लागली की बापासारखीच थांबायची नाही, आणि त्या दिवशीही ती थांबली नाही.

"आणि लोक तुम्हाला भोंगा म्हणतात ना, ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. कॉयरमधल्या नव्या मुलांनी मला विचारलं, पहिल्या बाकावरचे ते कोण म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

मुलगी टेबलावरचा डाग नखाने खरवडायला लागली. "काही नाही. मी विषय बदलला."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं, पण जिभेवरून सुटलेलं परत येत नाही. त्याने उठून कप विसळला, उपडा घातला. ते काम त्याने याआधी कधी केलेलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "नाही गाणार. शब्द दिला." आणि हे तो इतक्या हळू आवाजात म्हणाला की बायकोने नळ बंद करून त्याच्याकडे पाहिलं.

त्या दिवशी गॅरेजात एका निळ्या गाडीचा मडगार्ड घेऊन तो दुपारपर्यंत बसला. हातोडी पडत होती, पण चुकीच्या जागी पडत होती. पेंटर तोंडावरचं फडकं खाली ओढून शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"आज काय, पत्र्याला झोपवतोयस का?"

"मला भोंगा का म्हणतात रे?"

"भोंगा आहेस म्हणून."

"कौतुकाने म्हणतात का?"

पेंटरने विचार केला. तो खोटं बोलायचा माणूस नव्हता, आणि ही त्याची मोठीच अडचण होती. "अर्धं कौतुकाने," तो म्हणाला. मग त्याला सगळी हकीकत कळली आणि त्याचं डोकं फिरलं. "असं असेल तर मीही नाही गाणार."

"तू का नाही? तुला कुणी काही म्हटलंय का?"

"अरे, मला सूर कुठे सापडतो? इतकी वर्षं तुझ्या आडोशाला गातोय मी. तुझा आवाज असला की माझ्या चुका कुणाला ऐकू येत नाहीत. माझ्या एकट्याच्या काय, त्या अख्ख्या बाजूच्या."

"तू गा. शब्द मी दिलाय, तू नाही."

पेंटरने फडकं परत तोंडावर ओढलं. त्या फडक्यामागे तो काय म्हणाला ते चर्चच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही.

अभिषेकाचा दिवस उजाडला. चर्च असं भरलं की लग्नाकार्याला न येणारी माणसंही आली. पुढे ती नवी वेदी, वर चादर नाही, मेणबत्त्या नाहीत, नुसता उघडा दगड. उजव्या बाजूला कॉयर, पांढऱ्या सदऱ्यांत. आणि त्यांच्यासमोर त्याची मुलगी, केस घट्ट बांधलेले, हात वर. तो पहिल्या बाकावर, अंगात ठेवणीतला कोट, तोंडाला कुलूप. शेजारी बायको. ती हळूच म्हणाली, "गाऊ नका सांगितलंय. श्वास घेऊ नका असं नाही सांगितलं."

मग मुलीचा हात खाली आला आणि कॉयर गायलं.

तो सगळं विसरला. टेबल विसरला, विषय बदललेला विसरला. त्याने रस्त्यात उभं राहून जी एक ओळ रोज ऐकली होती ती आता चार बाजूंनी उठली, एकमेकींत मिसळली आणि छतापर्यंत गेली. दमेकरी ऑर्गनसुद्धा तरुण झाला होता. आपल्या घरात, आपल्या बाथरूममध्ये गाणारी ही पोरगी, हिने हे उभं केलं. त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून त्याने छताच्या वाशांकडे बघायला सुरुवात केली. पत्र्याचं काम असतं तर तो म्हणाला असता, तळवा फिरवून बघा, कुठे काही लागतंय का.

गौरवगीत झालं. शेवटचा सूर विरला आणि मागच्या कुठल्याशा बाकावर कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग बघता बघता अख्ख्या चर्चने टाळ्यांचा कडकडाट केला.

त्याचेही हात वर आले होते, पण ते अर्ध्यावरच राहिले. टाळ्या? गौरवगीताला? वेदीमागे बिशप हात जोडून शांतपणे उभे होते, प्रार्थना म्हणायला थांबलेले. फादर बुटांकडे बघत होते. त्याला आईची आठवण झाली. घरचा माणूस जेवून उठला की टाळ्या वाजवत नाही, ताट उचलतो. टाळ्या पाहुणे वाजवतात. त्याने मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी आनंदाने लाल झाला होता आणि आता त्याच लालीखाली काहीतरी वेगळं होत होतं. लहानपणी पेटी वाजवताना तिचं बोट चुकीच्या पट्टीवर पडायचं तेव्हा ती असा चेहरा करायची.

मग वाचन झालं, आणि स्तोत्र आलं. स्तोत्राचं ध्रुपद लोकांनी म्हणायचं असतं. मुलगी कॉयरकडे पाठ करून लोकांकडे वळली, दोन्ही हात वर केले. लोकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. काहींनी ओठ हलवले. तेवढंच. कॉयरने घाईने ध्रुपद उचलून वेळ मारून नेली. पुढच्या कडव्यालाही तेच झालं. एवढं गोड चाललंय त्यात आपलं कशाला, असा प्रत्येकाचा भाव होता, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट बघत होता. शेजारी पहिल्या बाकाची वाट बघत होता. पहिला बाक गप्प होता.

बिशपांचं प्रवचन झालं, श्रद्धेची कबुली झाली, आणि सगळे संतांच्या विनवणीसाठी उभे राहिले. वेदीला तेल लावायच्या आधी एकेका संताला नावाने हाक मारायची आणि प्रत्येक नावाला लोकांनी म्हणायचं, आम्हांसाठी विनंती कर. यात कॉयरने फक्त नावं घ्यायची होती. उत्तर लोकांचं. मुलीने ते तसंच बसवलं होतं, कारण ते तसंच असतं. जी वेदी पिढ्यान्‌पिढ्या या माणसांची राहणार, तिच्यासाठी या माणसांनीच तोंड उघडायला हवं, त्याला दुसरा इलाज नाही.

"पवित्र मरिये, देवाच्या माते," मुलीने एकटीने उचललं.

जे उत्तर आलं ते दवाखान्याबाहेरच्या बाकावरच्या कुजबुजीएवढं होतं.

"देवदूत मिखाएला."

ते त्याहून कमी आलं.

त्याने मान न वळवता मागे सांगितलं, "गा रे."

"तू गा," मागून पेंटर म्हणाला. हाताची घडी, तोंडावर बोट, असा तो हट्टाने उभा होता.

त्याच्या पाठीत आईचं बोट टोचत होतं. तोंड उघडलं तर मुलीला दिलेला शब्द जातो, आणि बिशपांसमोर, सगळ्या गावासमोर तो परत तोच भोंगा होतो, जो कोण म्हणून विचारलं की विषय बदलावा लागतो. नाही उघडलं तर तिने उभं केलेलं सगळं याच शांततेत बुडतं, आणि नव्या वेदीवर तेल पडतं ते मुक्या माणसांच्या देखत. बायकोने त्याच्या कोटाची बाही धरली. गा म्हणून की नको म्हणून, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. त्याने ओठ मिटून घेतले. शब्द म्हणजे शब्द. उभ्या जन्मात त्याने एवढं कठीण काम केलं नव्हतं.

"संत योहान बाप्तिस्ता."

या वेळी तर एक खोकलाच तेवढा ऐकू आला. कॉयरची मुलं मुलीकडे बघत होती, की आम्ही उत्तर देऊ का. तिने त्यांच्याकडे हात उचलला. उचलला आणि तसाच थांबवला. मग ती वळली. तिची नजर सगळ्या बाकांवरून फिरली आणि हळूहळू खाली येत पहिल्या बाकावर थांबली.

तिने हात पुढे केला. कॉयरला करतात तसा नाही. तळवा वर, बोटं उघडी, लहानपणी रस्ता ओलांडायच्या आधी बापापुढे करायची तसा.

त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी?

मुलीने होकारार्थी मान हलवली. बिशप बघत होते, फादर बघत होते, पांढऱ्या सदऱ्यांतली सगळी मुलं बघत होती. तिने परत मान हलवली, या वेळी स्पष्ट, मागच्या बाकालाही दिसेल अशी.

"संत योसेफा," तिने उचललं. सुतारकाम करून घर चालवणाऱ्याचं नाव.

"आम्हांसाठी विनंती कर!"

मागच्या बाजूला एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. पण त्याचं रडणं फार वेळ ऐकू आलं नाही, कारण दुसऱ्याच क्षणी पेंटर सुटला, मग चार मावश्यांपैकी ज्या तालमीला येत नसल्यामुळे बाकावर होत्या त्या दोघी, मग ती अख्खी बाजू, मग पलीकडची. दार अडून राहिलं होतं आणि कुणीतरी खांदा लावला, असं झालं. बाप जुन्या सवयीने शेवटचा सूर लांबवायला लागला, आणि लोक त्याच्याबरोबर. तेवढ्यात त्याला मुलीची मूठ दिसली. पुढे केलेला हात तिने हवेत मिटला होता. त्याने त्या मुठीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं, जिथल्या तिथे. सगळं चर्च त्याच्याबरोबर थांबलं, एका झटक्यात, कुणाचं शेपूट मागे उरलं नाही. मुलीच्या भुवया वर गेल्या.

मग त्यांचं जमलं. तिने नाव घ्यायचं, हात उघडायचा. त्याने उचलायचं आणि मूठ मिटली की सोडायचं. एकेक संत येत गेला आणि प्रत्येक वेळी उत्तर मागच्यापेक्षा भरीव आलं. सुरात होतं असं कुणी म्हणणार नाही. पेंटर तर आपल्याच वाटेने चालला होता. पण ते होतं, सगळ्यांचं होतं, आणि मुलीचा तो एकटा गोड आवाज त्यावर नीट उभा राहत होता. पत्रा नुसत्या हातोडीने सरळ होत नाही, पलीकडून ठोकळा धरावा लागतो, हे त्याला रोजच्या कामात माहीत होतं. आपण ठोकळा आहोत हे मात्र त्याला आजवर सुचलं नव्हतं, तो स्वतःला हातोडी समजत आला होता.

विनवणी संपली. बिशपांनी अंगावरचा भरजरी झगा उतरवला, पुढे पांढरं फडकं बांधून घेतलं, बाह्या सारल्या आणि दगडावर पवित्र तेल ओतलं. मग उघड्या तळव्याने ते चोळायला लागले, मधून कडेकडे, अंगातलं बळ लावून. सगळीकडे तेलाचा सुगंध पसरला. डेंटर टाचा उंचावून बघत होता. हा माणूस काम जाणतो, असं त्याचं मत झालं. एक कोपरा राहिलाय हे त्याच्या लक्षात आलं आणि ते बिशपांना सांगावं की काय, असाही एक विचार मनात येऊन गेला. तेवढ्यात बिशपांचा हात त्या कोपऱ्यावर गेला आणि वेळ टळली. मग वेदीवर धूप जळला, चादर अंथरली गेली, मेणबत्त्या लागल्या. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी कॉयर एकटं गायलं, अगदी हळू, आणि ते संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या शांततेत गुडघे टेकून बसलेल्या बापाला वाटलं, आता हे घर झालं.

मिस्सेनंतर अंगणात चहा होता. बिशप माणसांतून वाट काढत कॉयरपाशी आले. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. बाप, बायको आणि पेंटर तिथेच उभे होते, हातात कप घेऊन, जवळ जावं की न जावं अशा विचारात. मुलीनेच हाताला धरून बापाला पुढे ओढलं आणि त्याच्याशेजारी उभी राहिली.

बिशपांनी कॉयरचं कौतुक केलं, एकेका मुलाची विचारपूस केली. मग मुलीकडे वळून म्हणाले, "आणि पहिल्या बाकावरून तो एक आवाज येत होता. मी इतक्या चर्चमध्ये फिरतो, पण असा आवाज ऐकला नव्हता. कुणाचा तो?"

ज्यांनी आधी हेच विचारलं होतं ती मुलं तिच्याकडे बघायला लागली. ती थांबली नाही.

"माझे बाबा आहेत ते. यांच्यामागून आमचं सगळं चर्च गातं. मीसुद्धा यांच्याच मांडीवर बसून गायला शिकले, सूर तेवढा नंतर दुसरीकडून आणला."

बिशप खळखळून हसले. पेंटरने चहाचा घोट चुकीच्या नळीत घेतला. बायको पदराने डोळे टिपायचं निमित्त शोधत होती, तिने पेंटरच्या पाठीवर थापा मारायला घेतल्या आणि तेवढ्यात डोळे टिपून घेतले.

बापाने सावकाश मान वळवली. चेहरा अगदी भोळा. डाव्या कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस? नीट ऐकू आलं नाही."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दीर्घ श्वास घेतला, तिनेच सगळ्यांना शिकवला होता तसा, पोटातून, आणि अंगणाच्या फाटकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हटलं, माझे बाबा आहेत."

सगळं अंगण वळून बघायला लागलं. त्याने समाधानाने मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला.

मुलगी पहिल्यापासून त्याच्या उजव्या बाजूलाच उभी होती.